धुरपामावशीचे मालक

आमच्याकडं किस्से साठले ते कॅसेटच्या टंचाईमुळं. शिरूरला माझा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग हा खरा धंदा. नव्वदीच्या शेवटी केबलवाले दिलीपशेठ यांनी स्वतःचं लोकल चॅनेल काढलं आणि त्यावर दर रविवारी सकाळी आम्ही 'बसा निवांत' नावाचा विनोदी कार्यक्रम करू लागलो. छोटे छोटे प्रवेश आणि तीच तीच ठरलेली पात्रं. पण कॅसेट मोजक्याच. एकदा दाखवून झाली की त्याच कॅसेटवर कुणाची तरी हळद नाहीतर वरात शूट व्हायची. शिरूरकडच्या कितीतरी लोकांच्या हळदीखाली आमचे विनोद गाडले गेलेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

तर कार्यक्रम पुसला गेला आणि गप्पा तेवढ्या उरल्या. आजही आम्ही जुने लोक एकत्र बसलो की कुणीतरी म्हणतं, "ती निमोण्याची आजी आठवती का?" मग चहा गार होतो आणि घरून फोन यायला लागतात.

* * *

पहिला प्रवेश ठरला तो असा. एक फटकळ मावशी दारात बसून शेजाऱ्यांशी गप्पा मारते, मधेच नवऱ्याला हाक मारते, नवरा बाहेर येतो आणि दोघांचं भांडण जुंपतं. मावशीच्या कामाला एका बाईंनी होकार दिला होता, पण ऐनवेळी त्यांच्या घरच्यांनी नको म्हटलं. लाईट लावून झालेले, मी कॅमेरा घेऊन उभा, आणि मावशीच नाही.

लाईट धरायला आलेला बाळू म्हणाला, "मी करू का?"

बाळू कारेगावला एका कंपनीत मशीनवर होता. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, तरुणपणी जलशात गायचे. भीमगीतं गात गावोगाव हिंडलेला माणूस. त्या जलशात बाईचं काम पुरुषच करायचे, आणि बाळू लहानपणापासून ते बघत आलेला. आई गेल्यापासून घरात बाप आणि लेक दोघंच. बाळू घरी गेला, आईचं जुनं लुगडं घेऊन आला, आणि मिशी काढून असा काही दारात बसला की मीच त्याला "मावशी, जरा इकडं सरका" म्हणालो.

नवऱ्याचं काम दिलीपशेठ करणार होते. "चॅनेल माझं, तर मालकही मीच," असं त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं. ते दाराआड जाऊन उभे राहिले.

मावशीनं हाक मारली, "आवं, आयकलं का?"

दार हललं नाही. मावशीनं पुन्हा हाक मारली. आत सामसूम. आता कॅमेरा बंद करावा म्हणून मी हात नेला, तेवढ्यात बाळूनं तोंडाला पदर लावला आणि सरळ कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "झोपल्यात. उठल्यावर इचारते."

लाईट धरलेले सगळे हसत खाली बसले. बऱ्याच वेळानं दार किलकिलं करून घामानं भिजलेले दिलीपशेठ म्हणाले, "मला जमंल असं वाटत न्हाई."

त्यांना जमलं नाही ते बरंच झालं. दर रविवारी धुरपामावशी हाक मारायची, आतून उत्तर यायचं नाही, आणि ती म्हणायची, "झोपल्यात." मालक कसे दिसतात यावर शिरूरच्या स्टँडवर वाद घातले जायचे. दिलीपशेठ मात्र नव्या माणसाशी ओळख करून देताना सांगायचे, "धुरपामावशीचा नवरा मीच. आत असतो."

* * *

निमोण्याहून एकदा भागूआजी आल्या. बाजाराला आल्या होत्या, तशाच केबलच्या ऑफिसात शिरल्या आणि म्हणाल्या, "ती धुरपा कुठं बसती?"

बाळू समोरच होता, पँट-शर्टात. आजींनी त्याला ओळखायचं काही कारणच नव्हतं.

"काय काम होतं आजी?" त्यानं विचारलं.

"आरं, तिचा नवरा येवढा कसा झोपतो? दिवसाढवळ्या माणूस असा झोपत न्हाई. साखर असंल. रगत तपासा म्हणावं. तू तिचा कोण?"

बाळू जरा घुटमळला. "मी तिच्याच घरातला."

"मंग हसतूस काय? घरातल्यानंच ध्यान द्याया पायजे."

बाळूनं घरी जाऊन गंमत म्हणून हे नानांना सांगितलं. नाना हसले आणि नेहमीसारखे दुपारचे आडवे झाले. बाळू त्यांच्याकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना दवाखान्यात नेलं, आणि साखर निघाली की खरंच. वेळेत कळल्यामुळं पथ्यावर आणि गोळीवर भागलं. तेव्हापासून भागूआजी आमच्या फॅमिली डॉक्टर.

* * *

बाळूच्या कंपनीत युपी-बिहारची पोरं पुष्कळ. त्यांना मराठी यायचं नाही, पण रविवारी खोलीवर टीव्ही लागायचा तो आमच्याच चॅनेलवर. सोमवारी सगळा लाईनवरचा माल सोडून बाळूला म्हणायची, "मौसी, मौसाजी जागे क्या?"

एकदा सेफ्टी वीक आला. साहेबांनी चार्ट लावले, भाषण दिलं, पण हेल्मेट काही कुणी घालेना. शेवटी साहेबांनी बाळूलाच गळ घातली. बाळूनं शॉपफ्लोअरवर लुगडं नेसून, पदरावर पिवळं हेल्मेट चढवून सगळ्यांची अशी हजेरी घेतली की दुसऱ्या दिवशी झाडून सगळी पोरं हेल्मेट घालून हजर. कँटीनमध्ये जेवतानाही घातलेलं.

साहेब खूश झाले. राऊंड मारून ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. लगेच बाहेरून कुणीतरी बारीक आवाजात हाक मारली, "आवं, आयकलं का?"

साहेबांनी तेव्हापासून केबिनचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली.

* * *

आमचं दुसरं गाजलेलं पात्र म्हणजे चेअरमन. ते करायचे किसनराव, निमोण्याचे बागाईतदार. चेअरमन दर वेळी भाषणाला उभे राहायचे, घसा खाकरायचे, "उपस्थित बंधू आणि भगिनींनो" म्हणायचे, आणि नेमकी तेव्हाच लाईट जायची. प्रवेश खल्लास.

पुढं किसनराव गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला खरोखरच उभे राहिले. प्रचारसभेत ते माईकपाशी गेले, "उपस्थित बंधू" एवढंच म्हणाले, आणि मंडप हसायला लागला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. भाषण झालंच नाही. विरोधकांची मात्र तासतासभर भाषणं झाली आणि लोक कंटाळून गेले. किसनराव भरघोस मतांनी निवडून आले आणि खरे चेअरमन झाले.

पहिल्या सर्वसाधारण सभेत ते भाषणाला उभे राहिले. घसा खाकरला. "उपस्थित बंधू आणि भगिनींनो," ते म्हणाले, आणि लाईट गेली.

लोडशेडिंगचे दिवस होते, त्यात नवल काहीच नाही. पण निमोण्यातले लोक अजून म्हणतात की ते आम्हीच केलं होतं.

* * *

आमच्या कार्यक्रमाला दौंड तालुक्यातही गिऱ्हाईक होतं. दिलीपशेठचे साडू तिकडं केबल चालवायचे आणि त्यांची वायर राहू गावापर्यंत गेलेली. शिरूरला रविवारी कार्यक्रम दाखवला की तीच कॅसेट आम्ही सोमवारी दुपारच्या एसटीत ड्रायव्हरकडं द्यायचो. साडू ती पुढच्या रविवारी लावायचे. म्हणजे धुरपामावशी शिरूरला जे आज बोलायची ते राहूला आठ दिवसांनी ऐकू जायचं. दोन तालुक्यांमधल्या नदीच्या अलीकडं एक काळ, पलीकडं दुसरा.

किसनरावांची सासुरवाडी तिकडचीच. एकदा ते जेवताना सहज म्हणाले, "आता मावशीची कोंबडी हरवणार, आन् ती सरपंचाच्या घरात सापडणार." रविवारी तसंच झालं. पुढच्या खेपेला त्यांनी असंच आणखी एक सांगितलं, तेही खरं ठरलं. सासूबाई गंभीर झाल्या. जावई निघाले तेव्हा त्यांना बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "कांदा आत्ता काढावा का थांबावं?"

किसनराव म्हणाले, "थांबा." आणि बाजार वधारला. आता सासुरवाडीत त्यांचा शब्द खाली पडत नाही.

* * *

इथवर सगळं मजेचं. आता जरा अवघड भाग.

बाळूचं लग्न जमत नव्हतं. पोरगा कमावता, निर्व्यसनी, देखणा. पण मिशी नाही, आणि दोन्ही तालुक्यांत तोंडावळा ओळखीचा. मुलगी बघायला गेलं की आतल्या खोलीतून आधी खुसखुस ऐकू यायची, मग एखादं पोरगं बाहेर पळायचं, "मावशी आली, मावशी आली." मुलगी पोह्यांची बशी घेऊन यायची आणि खाली मान घालायची ती लाजून नाही, हसू दाबायला. एका ठिकाणी तर मुलीच्या आत्यानं तोंडावर सांगितलं, "आम्हाला जावई पायजे. इहीण नको."

हा किस्सा बाळूच आम्हाला रंगवून सांगायचा, आत्याच्या आवाजात. आम्ही हसायचो. पण एकदा सांगून झाल्यावर तो लुगड्याची घडी मोडून पुन्हा पुन्हा घालत बसला.

मग नानाच स्टुडिओत आले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माझी साखर त्या धुरपेमुळं कळली, तिचे उपकार हायेत. पर पोराचं घर उभं राहाया पायजे. तिला आता जाऊ द्या."

नानांचा शब्द कोण मोडणार? पण मावशीला मारायचं कुणी? लुगडं नेसून आडवं निजायला बाळूही तयार नव्हता आणि त्याला निजवायला मीही. शेवटी ठरलं की मावशी दिसणारच नाही. चेअरमन शोकसभेला उभे राहतील आणि ती गेली एवढंच सांगतील.

किसनराव मावशीच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहिले. घसा खाकरला. त्या दिवशी लाईट घालवायचीच नव्हती, भाषण पुरं होणार होतं. पण "आपली धुरपामावशी" एवढं म्हणून त्यांचा जो आवाज बसला तो बसलाच. कॅमेरा चालू, माणूस नुसता उभा. मी तेवढंच ठेवलं.

रविवारी ते दाखवलं आणि शिरूर हळहळलं. स्टँडवरच्या चहावाल्यानं टेप लावला नाही. स्टँडवरच्याच फळ्यावर कुणीतरी खडूनं भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली. सोमवारी सकाळी भागूआजी नारळ घेऊन ऑफिसात आल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "जाणारी गेली. पर त्या झोपल्याला आता जेवाय कोण वाढंल?"



* * *

त्याच सोमवारी बाळू आणि नाना राहूला मुलगी बघायला गेले. मुलीचं नाव सुनंदा, गावात बालवाडी चालवायची. राहूत अजून आधीचा रविवार चालू होता. म्हणजे मावशी तिथं ठणठणीत.

पोहे झाले. नाव, शिक्षण, मामाचं गाव, सगळं विचारून झालं. मग मुलीचे मामा रिवाजाप्रमाणं म्हणाले, "मुलीला काय इचारायचं असंल तर इचारू द्या." मुली अशा वेळी मान हलवून नाही म्हणतात.

सुनंदानं मान वर केली आणि बाळूला विचारलं, "मावशीचे मालक कवा उठणार?"

खोलीत कुणी हसलं नाही. तिनं ते खरंच विचारलं होतं. बाळू म्हणाला, "मला बी ठावं न्हाई."

"उठवा एकदा," ती म्हणाली. "ती किती हाका मारती."

बाळू नंतर मला सांगत होता, "आत्तापतूर समद्यांनी मला मावशी म्हनून बघितलं. हिनं मावशीकडं मानूस म्हनून बघितलं बघ." मुलगी पसंत, मुलगाही पसंत. नाना परतीच्या एसटीत कित्येक वर्षांनी गाणं गुणगुणले. आणि नदीचा पूल ओलांडताना बाळूच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. येत्या रविवारी राहूत मावशी मरणार होती.

तो स्टँडवर उतरला तो पळतच माझ्याकडं आला. "ती टेप कुठं हाय?"

टेप दुपारच्याच गाडीनं गेली होती. आम्ही एसटीडी बूथ गाठला आणि दिलीपशेठनी साडूंना फोन लावला. "साडूभाऊ, कॅसेट लावू नका. बाई मेलेली हाय तिच्यात." बूथवाला आमच्याकडं संशयानं बघायला लागला. साडूंनी त्या रविवारी त्यांच्याकडं राहिलेला जुनाच भाग पुन्हा लावला.

पुढं काय? शिरूरला मावशीला परत आणावं तर लोकांनी श्रद्धांजली वाहिलेली, नारळ फुटलेला. दिलीपशेठ म्हणाले, "लोकांच्या रडण्याची चेष्टा करायची नाही." ते बरोबर होतं. आणि राहूत तिला मारावं तर बाळू म्हणत होता, "ती रविवारी टीव्हीपुढं बसती रं." तेही बरोबर होतं. मग आम्ही दौंडकडच्यांसाठी मावशीचे वेगळे प्रवेश शूट करायला लागलो. शिरूर तालुक्यात धुरपामावशी कैलासवासी आणि दौंड तालुक्यात दर रविवारी शेजाऱ्यांशी भांडतेय. लग्न होईपर्यंत निभावून नेऊ, मग बघू, असं आमचं ठरलं.

लग्नाला दोन्ही तालुके एकाच मांडवात येणार, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

* * *

लग्न राहूला, विहारासमोरच्या पटांगणात. नवरा-नवरी पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. वंदना झाली, प्रतिज्ञा झाल्या, हार घातले, फुलं उधळली. शूटिंगला मीच. बाळूनं भागूआजींना आग्रहानं बोलावलं होतं आणि त्या सगळ्यात पुढं बसलेल्या.

शेजारी सुनंदाच्या मावश्या. त्यांच्याशी बोलता बोलता आजी म्हणाल्या, "पोरगं लई गुणाचं. धुरपा असती तर आज नाचली असती. गेली बिचारी."

"कोण गेली?" सुनंदाची थोरली मावशी म्हणाली. "आवो, परवाच्या ऐतवारी तर भांडी घासत व्हती."

"म्या नारळ घेऊन गेले व्हते."

"तुमचं काय तरी भलतंच. जित्या बाईला मारू नगा."

आवाज चढले. शिरूरकडचे म्हणायचे, मेली. दौंडकडचे म्हणायचे, जिवंत आहे. किसनरावांना कुणीतरी पकडलं, "तुमीच भाषान केलं व्हतं ना?" किसनराव म्हणाले, "पुरं केलं नव्हतं," आणि मंडपाच्या खांबामागं गेले. दिलीपशेठ तर दिसेनासेच झाले. पंगत बसायची ती थांबली. नाना मान खाली घालून बसले. एवढ्या मुश्किलीनं जमलेलं लग्न, आणि मांडवातच वऱ्हाडाचे दोन तट.

मुलीचे मामा स्टेजवर चढले. ते हसत नव्हते. "जावईबापू, आमच्या मान्सांना खोटं पाडत्यात. तुमीच सांगा. मावशी हाय का न्हाई?"

मेली म्हणावं तर सासुरवाडीची माणसं खोटी पडतात, आहे म्हणावं तर भागूआजी. बाळूनं माझ्याकडं बघितलं. मी कॅमेऱ्यात डोळा खुपसला. मला त्यातून दिसत होतं की त्याचा चेहरा पार उतरलाय.

कुणीतरी शहाणी बाई विषय बदलायला ओरडली, "आधी नवरीचा उखाणा होऊ द्या."

सुनंदा उभी राहिली. तिनं पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर ओढला, एक हात कमरेवर ठेवला, शेजारी बसलेल्या बाळूकडं वळली, आणि हुबेहूब धुरपामावशीच्या आवाजात हाक मारली, "आवं, आयकलं का?"

मांडवात कुणी हललं नाही. इतक्या रविवारांची सवय, सगळे पुढच्या त्या शांततेची वाट बघत होते. माझ्या ओठांवर तर "झोपल्यात" येऊनही गेलं.

बाळू उठून उभा राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "उठलो."

एकही टाळी वाजायच्या आत पुढच्या रांगेतून भागूआजींचा आवाज आला, "उठला का? मग वाढा त्याला आधी."